आष्टा स्टँडवरची राणी

सर्जा, पंखा मी लावला होता.

दोन वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात घोळतंय. तू समोर बसलेला असायचास तेव्हा ते बाहेर आलं नाही, आणि आता तू जाऊन महिना झाल्यावर मी ते कागदावर उतरवतोय. काय उपयोग? ज्याला सांगायचं तो ऐकायला नाही. ज्यांच्यावर आळ आला ते लखूतात्या मात्र आहेत. सांगलीच्या त्या शाळेच्या गेटवर स्टुलावर बसलेले असतात, उन्हात. एके काळी ते त्याच शाळेच्या हॉलचे शिपाई होते, सावलीत असायचे. आपल्या दोघांमुळे ते गेटवर गेले. खरं म्हणजे माझ्या एकट्यामुळे.

तू चिडशील. चीड. मीही काही कमी चिडलेलो नाही. तुझ्यावर, स्वतःवर, त्या हॉलच्या बटणांवर, समुद्रापलीकडच्या त्या म्यूझियमवर. सगळ्यांवर चिडून झालं की फिरून तुझ्यावरच येतो. एवढी कसली घाई होती तुला? दिवाळी महिन्यावर आली होती. यंदा तेच चित्र पुन्हा भरायचं ठरलं होतं आपलं. चित्र पुरं झालं की तुला सांगणार होतो मी. निदान स्वतःची तशी समजूत घालत होतो.

मी गोष्ट कायम मधूनच सुरू करतो, अशी तुझी तक्रार. तर घे, पहिल्यापासून सांगतो. मध्ये बोलू नकोस.

सतरा वर्षं तू फौजेत पेंटर होतास. आष्ट्यातल्या लोकांना वाटायचं, तिकडं हा मोठमोठी चित्रं काढत असणार. तू काढत होतास गाड्यांवरचे नंबर आणि पाट्यांवरचे बाण. मेस इकडे, दवाखाना तिकडे. "सतरा वर्षं बाण काडलं सुक्या, आनि एकबी माझ्या घराकडं जात न्हवता," असं तू हसत म्हणायचास, पण हसून झाल्यावर तुझं तोंड जरा वाकडं व्हायचं. परत आलास आणि रांगोळीच्या नादाला लागलास. सांगली-मिरजेकडं दिवाळीला रांगोळीची प्रदर्शनं भरतात, बाया-बाप्ये सगळे रांगोळी भरतात, त्यात नवल काही नव्हतं. पण झुपकेदार मिशांचा माजी फौजी, नाकातोंडाला फडकं बांधून, विटांवर ठेवलेल्या फळीवर पालथा पडून चिमटीतून रंग सोडतोय, हे बघायला लोक चित्रापेक्षा जास्त गर्दी करायचे. तुला ते आवडायचं नाही. मला आवडायचं.

त्या वेळी माझा स्टुडिओ बरा चालला होता. लग्नाचे अल्बम करायचो. आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक नवरीला महाल हवा असतो. महाल शोधता शोधता मला परदेशातल्या एका म्यूझियमची वेबसाइट सापडली. जुनी चित्रं, दागिने, गालिचे, भांडी, सगळ्यांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली लिहिलेलं, की हे उतरवून घ्या, कापा, जोडा, बदला, यातून तुमचं स्वतःचं काहीतरी करा. कुणाला विचारायची गरज नाही. माझा विश्वास बसेना. आपल्याकडं शेजाऱ्याची शिडी मागायची तरी माणूस चार वेळा घसा खाकरतो. मी आपला एक एक गच्ची, एक एक कमान उतरवून घेतली आणि वाळवा तालुक्यातल्या नवऱ्या त्यात नेऊन बसवायला लागलो.

अशाच एका दुपारी तू आलास. "काय करायलायस रं?" म्हणून माझ्या खुर्चीमागं उभा राहिलास. पडद्यावर दख्खनी शैलीचं एक जुनं चित्र होतं. गच्चीवर लोडाला टेकून एक राणी बसलीय, मनगटावर पोपट, मागं घुमट. मला घुमट हवा होता, राणी नको होती. मी तिला पुसायला घेतलं आणि तू माझा हात धरलास.

"थांब की. मोट्टं कर तिला."

मी मोठी केली. तू म्हणालास, आणखी. मग आणखी. तो फोटो एवढा बारकाईनं काढलेला, की राणीच्या पापणीचा एक एक केस वेगळा दिसायला लागला. तू खुर्ची ओढून बसलास तो दोन तास उठला नाहीस. मध्ये एकदा एकदम ओरडलास. पोपट बसलेल्या मनगटाच्या शेजारी, रंगाखालून दुसऱ्या मनगटाची रेघ पुसटशी दिसत होती. चित्रकारानं हात आधी जरा वर काढला होता. मग चूक कळली, वरून रंग फासून झाकला.

"बग लेका, ह्यो बी चुकलाय. आनि झाकलीया कशी बग! एवडी वर्सं कुनाला कळलं न्हाई."

केवढा खूश झालास तू. खाली माहिती वाचायला लावलीस. काळ अंदाजे, शाई आणि रंग, कागद. कलाकार अज्ञात. ते 'अज्ञात' तू मला दोनदा वाचायला लावलंस.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणालास, "हिला उचल हितनं."

"कुटं ठिऊ?"

"आपल्या स्टँडवर."

मला वाटलं, थट्टा करतोयस. पण तू मला कॅमेऱ्यासकट उचलून आष्ट्याच्या एसटी स्टँडवर घेऊन गेलास. सांगलीची गाडी लागते तिथला सिमेंटचा बाक, पाठीमागची भिंत, फलाटाचा आकडा, सगळ्याचे फोटो काढायला लावलेस. बाकाखाली शेंगांची टरफलं पडली होती. मी ती पायानं सारायला लागलो तर अंगावर आलास. टरफलं पाहिजेतच म्हणालास. मग पडद्यावर मी राणीला तिच्या गच्चीवरून कापून उचललं, लोड काढला आणि बाकावर बसवलं. तू मागं उभं राहून हुकूम सोडत होतास, जरा डावीकडं, जरा खाली, टेकव की तिला. तिच्या शेजारी तू एका माणसाची जागा मोकळी ठेवायला लावलीस.

"हितं कोन बसनार?"

"बगू की. मागनं ठरवू."

तिथंच आपलं पहिलं भांडण झालं. आठवतंय का? मी म्हणालो, "कुनाचं तरी चित्र हाय सर्जा. त्यानं तिला म्हालात बसवलीया. तिला उठवनारा तू कोन?"

"आनि तू कोन? तू वाळव्याच्या पोरी त्याच म्हालात बसवल्यास तवा कुनाला इचारलंवतंस?"

"ते येगळं. त्यो धंदा हाय."

"मग ह्यो धंदा न्हाई म्हून गुना व्हय? तू आपली मानसं त्यांच्या म्हालात न्हेऊन बसवतूस, मी त्यांची राणी आपल्या स्टँडवर आनतूय. तुज्या अल्बममदी समदी खोटं हासत्यात. माजी राणी खरीच कट्टाळलीया बग. गाडी येईना म्हून."

आणि खरंच सांगतो, बाकावर बसल्यावर ती तशीच दिसायला लागली. महालात ती पोपटाकडं बघत होती. स्टँडवर तीच नजर, एक रेघ न बदलता, वाट बघणाऱ्या बाईची झाली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझं खरं होतं असं म्हणायला माझी जीभ उचलायची नाही. माझे महाल त्यानंतर मला पूर्वीसारखे आवडेनात, आणि त्याचाही राग मी तुझ्यावर काढला.

मग ती दिवाळी आली. सांगलीची ती शाळा, तो हॉल. दहा बाय आठ फुटांची जागा आपल्या वाट्याला आली. माझं काम रंग चाळून द्यायचे, फळी सरकवायची, चहा आणायचा. गळ्यात कॅमेरा होता, पण फोटो काढायचा नाही अशी तुझी ताकीद. "अर्धवट चित्राचा फोटू म्हंजी झोपल्याल्या मानसाचा फोटू. पुरं हुंदे, मग काड." तीन दिवस तू भिंतीकडून मागं मागं सरकत भरत आलास. पडद्यावर नव्हतं ते जमिनीवर यायला लागलं. राणीच्या पायातल्या मोजड्या काढून तू तिला रबरी चप्पल घातलीस, एक पट्टा तुटलेला, सेफ्टी पिनेनं जोडलेला. ती पीन एवढी खरी दिसत होती की एक पोरगी उचलायला वाकली. आणि मी, तीस वर्षं फोटोचा धंदा करणारा माणूस, तुझं ऐकून गप्प उभा राहिलो. तुझ्या त्या हुकमाचा आज मला सगळ्यात जास्त संताप येतो.

हॉलमध्ये एका मोठ्या बोर्डावर सगळी बटणं होती, कुठलं कशाचं त्याचा पत्ता नाही. त्यावर तू कागद चिकटवला होतास. 'पंखे लावू नयेत', आणि खाली लाल रंगाचा तुझा तो फौजेतला बाण.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाटीवरून भांडण झालं. प्रत्येक रांगोळीपुढं पुठ्ठ्याची पाटी ठेवतात, त्यावर चित्राचं आणि काढणाऱ्याचं नाव. तू म्हणालास, "कलाकार अज्ञात, असं लीव."

"का? तीन दीस गुडगं फोडून घेतलंस की!"

"ज्यानं पयलं काडलं त्याचं नाव न्हाई, मग माजं कशापायी?"

"त्याचं हरावलं म्हून न्हाई. तुजं हाय तर घाल की! सतरा वर्सं बिननावाचं बाण काडलंस, आता तरी घाल!"

मी हे बोलायला नको होतं. तुझा चेहरा बदलला. तू शांतपणे म्हणालास, "तुला नावाची लय हौस. तुजं घाल. दुसऱ्याच्या म्हालावर घालतूसच की, कोपऱ्यात, स्टुडिओचं." आणि हात धुऊन चहाला निघून गेलास.

लागलं मला ते. खरं होतं म्हणून लागलं.

तात्या बाहेर व्हरांडा झाडत होते. रंग उडू नये म्हणून खिडक्या बंद. मी घामानं निथळत होतो आणि मनातल्या मनात तुला उत्तरं देत होतो, भांडताना जी सुचत नाहीत ती. तसाच भिंतीपाशी गेलो. स्टुडिओत माझा हात दिवसातून पन्नास वेळा बटणांवर जातो, डोळ्यांना न विचारता जातो. वाटलं, तिकडं लांब खुर्च्या आहेत, त्यांच्यावरचा एक पंखा लावू, क्षणभर वारं घेऊ. तुझा बाण समोर होता. त्या बाणाच्या टोकाखालचंच बटण मी दाबलं.

मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो, की सर्जा घामाघूम झाला होता, त्याची काळजी वाटली म्हणून पंखा लावला. साफ खोटं. तू तिथं नव्हतासच. मला उकडत होतं, आणि मला तुझा राग आला होता.

लागला तो नेमका राणीच्या डोक्यावरचा. खडखडत सुरू झाला. पहिल्या फेऱ्यांना काही झालं नाही. मग तिच्या गालावरचा गुलाबी उठला, मग पोपटाचा हिरवा. मी बटण बंद केलं. पण बंद केलेला पंखा लगेच थांबत नाही, सर्जा. तो फिरत राहिला आणि मी बघत राहिलो. गुलाबी बाकावर, बाक भिंतीवर, टरफलं तिच्या पदरावर. मग मी पळालो. पन्नाशी उलटलेला माणूस, मागच्या दारानं नळावर जाऊन तोंड धुवायला लागलो. खडखड ऐकून तात्या झाडू घेऊन आत धावले आणि बोर्डापाशी जाऊन कुठलं बटण चालू आहे ते चाचपायला लागले. तेवढ्यात तू दारात आलास. तुला फिरता पंखा दिसला, विस्कटलेली राणी दिसली आणि बटणावर हात ठेवलेले तात्या दिसले.

मी टॉवेलनं तोंड पुसत आत आलो आणि विचारलं, "काय झालं?"

या दोन शब्दांइतकं वाईट मी आयुष्यात काही बोललो नाही.

तू तात्यांना नाही नाही ते बोललास. म्हाताऱ्या, डोळे फुटले होते का, एवढा मोठा बाण काढलाय तो दिसला नाही का. तात्या एकच वाक्य बोलले. "म्या न्हाई लावला, पेंटर." तू ऐकून घेतलं नाहीस. प्रदर्शनवाल्यांकडं तक्रार गेली, तिथून शाळेकडं, आणि पुढच्या आठवड्यात तात्या गेटवर. तू स्वतः झाडू घेऊन राणीला लोटलंस, सगळे रंग मिसळून राखाडी ढीग झाला. माझ्या गळ्यात कॅमेरा तसाच, आत एकही फोटो नाही.

त्यानंतर मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा स्टुडिओत, एकदा तुझ्या रानात उसाच्या बांधावर, एकदा तू मिसळीत पाव बुडवत असताना. प्रत्येक वेळी तू काहीतरी दुसरं काढायचास. गेल्या वर्षी दिवाळीला "त्या हॉलात पाय ठेवनार न्हाई" म्हणालास, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

आणि मग मिरजेचं हॉस्पिटल. सहा दिवस मी तुझ्या उशाशी होतो. शालनवहिनी डबा आणायला गेल्या की आपण दोघंच. चौथ्या दिवशी सकाळी तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "पंखा वाडीव रं जरा. बटनाचं काम तुजंच."

मी उठलो. हात रेग्युलेटरवर ठेवला. तुझ्याकडं पाठ होती, तोंड दिसत नव्हतं, याहून सोपी वेळ कुठली मिळणार होती? चार शब्दांचं काम होतं. मी पंखा दोनवरून तीनवर केला आणि परत येऊन बसलो. तू माझ्याकडं बघत होतास. मग म्हणालास, "अवंदा राणी भरायची बग परत. तू बी बसायचं फळीवर." मी हो म्हणालो. आपलं नीट बोलणं झालं ते एवढंच. पुढचे दोन दिवस तू झोपूनच होतास.

तुझे दिवस झाल्यावर तुझा मुलगा शिरवळला परत कामावर निघाला, तेव्हा रंगाच्या बरण्या माझ्याकडं घेऊन आला. सोबत वहिनी होत्या. म्हणाल्या, "भावजी, ह्ये तुमच्याकडंच ऱ्हाऊंद्यात. अवंदा सुकुमारला फळीवर बसवतो म्हनत हुते." मी बरण्या घेतल्या. नाही कसं म्हणणार?

आता मजा बघ. मूळ चित्र उतरवून घ्यायला मला एक मिनिट लागलं. राणी, पोपट, घुमट, झाकलेलं मनगट, सगळं जागच्या जागी. कुठल्या काळातला कोण माणूस, त्याचं नाव हरवलं पण त्याच्या चुकीची रेघसुद्धा लोकांनी जपून जगाला वाटून टाकली. आणि तुझी राणी? माझ्या कॉम्प्युटरवर ते कापून चिकटवलेलं कच्चं काम आहे, पण त्यात चप्पल नाही, पीन नाही. तुटलेला पट्टा डाव्या पायाचा होता का उजव्या? मला आठवत नाही, सर्जा! रोज बघत होतो आणि आठवत नाही. एक फोटो काढू दिला असतास तर काय बिघडलं असतं? मी टेबलावर हात आपटला, माऊस खाली पडून फुटला. नवा आणला.

मग मी तात्यांकडं गेलो. राणी भरायच्या आधी हे काम करायचं ठरवलं होतं. ते गेटवर, स्टुलावर. मी समोर उभा राहिलो आणि एका दमात म्हणालो, "तात्या, त्या वर्षी पंखा मी लावला हुता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चष्मा काढला, धोतराला पुसला.

"ठावं हाय."

"कसं काय?"

"आवं, त्या टायमाला तितं मानसं किती? पेंटर च्याला गेल्याला. ऱ्हायलो मी आनि तुमी. म्या न्हाई लावला ते मला ठावं. मग कुनी लावला हे कळाया काय शाळा शिकाय लागती व्हय?"

"मग तवा बोलला का न्हाईसा?"

"बोललो की. म्या न्हाई लावला म्हनलं. त्याच्या म्होरचं तुमी बोलायचं हुतं."

मी मान खाली घातली. त्यांनी चष्मा परत चढवला आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "पेंटरला बी तिनापतूर मोजाय येत हुतंच की."

तेव्हापासून मी हेच मोजतोय. तू मोजलं होतंस का? चिडलेल्या माणसाला त्या दिवशी सुचलं नसेल, पण नंतर? दोन वर्षांत कधी? बटनाचं काम तुजंच, असं म्हणालास ते मी फोटोवाला म्हणून? की तू दार उघडून धरलं होतंस आणि मी पंखा तीनवर करून परत येऊन बसलो? तुला माहीत असेल तर मला सांगू का दिलं नाहीस, दर वेळी विषय का बदलत होतास? आणि माहीत होतं तर तात्यांना गेटवर का ठेवलंस? की शेवटी शेवटी कळलं? माहीत नसेल तर तू शेवटपर्यंत एका निरपराध माणसाला शिव्या देत गेलास, आणि त्या शिव्या माझ्या आहेत. दोन्हीतलं काय खरं ते मला कधीच कळणार नाही. असा राग येतो, सर्जा, की तुझी ती बरणी भिंतीवर फेकावी. मग ती उघडून रंग चाळायला बसतो.

मग त्याच हॉलमध्ये चार दिवस मी फळीवर होतो. कंबर धरली, गुडघे सोलले. चिमटीतून रंग सोडताना तुझी रेघ केसासारखी यायची, माझी सुतळीसारखी येते. राणी जरा जाडच झालीय. पोपट कोंबडीकडं झुकलाय. चप्पल मी डाव्या पायाची तुटकी केली, चुकली असेल तर चुकली. घाम पडून तिच्या पदरावर दोन डाग पडलेत, ते झाकले नाहीत. बाकावरची तिच्या शेजारची जागा तशीच ठेवलीय, नुसती पांढरी. तिथं कोण बसणार ते तू सांगितलं नाहीस. काल एक बाई बघत उभी होती, म्हणाली, "काम अर्धं राहिलंय वाटतं." मी म्हटलं, हो.

आणि पाटी. पाटी मी अशी लिहिलीय:

मूळ चित्र : दख्खनी. कलाकार अज्ञात. एका म्यूझियमने सगळ्यांसाठी खुलं केलेलं.
राणी स्टँडवर आणली : सर्जेराव पेंटर, आष्टा.
भरली : सुकुमार फोटोग्राफर, जमली तशी.
दोन वर्षांपूर्वी हेच चित्र पंख्यानं उडालं. तो पंखा सुकुमारनं लावला होता. लखूतात्यांनी नाही.

प्रदर्शनवाले म्हणाले, अहो ही पाटी आहे का जबाब? मी म्हणालो, पाटी निघाली तर रांगोळीही निघेल. झाडू कुठं आहे ते मला ठाऊक आहे. पाटी राहिली. शाळेलाही अर्ज दिलाय, तात्यांना हॉलवर परत घ्या म्हणून. उत्तर यायचंय. मी रोज विचारायला जाणार आहे.

तात्या आज सकाळी आत आले. दोन वर्षांनी. पाटीवर बोट ठेवून सावकाश, एक एक अक्षर लावत वाचली. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. मग परत पहिल्यापासून वाचली. बाहेर गेले, गेटवर बदली माणूस बसवला, स्टूल उचलून आत आणलं आणि बटणांच्या बोर्डाखाली भिंतीला टेकून बसले. तुझा तो बाणाचा कागद अजून तिथंच आहे, रंग विटलाय. दुपारी मी पाणी प्यायला बोर्डाजवळून निघालो तर त्यांनी पाय आडवा घातला. "हिकडनं न्हाई. तिकडनं जावा." मी तिकडून गेलो.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर मी कॅमेरा काढला. तुझ्या नियमानं अजून काढता येत नाही, एक जागा मोकळी आहे, चित्र पुरं झालेलं नाही. तरी काढला. एक नाही, चाळीस काढले. तुझं नावही घातलंय, ठळक, तुला न विचारता. नाही ना पटत? मग ये की भांडायला. पंखा बंद आहे.